कोकण किनाऱ्यावरची आगोट मेच्या मध्यापर्यंत कशी आटोपावी

कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची तयारी, मृग नक्षत्राच्या हिशेबाने चालते. पाऊस 7 जूनच्या आगेमागे येणार, म्हणून मेच्या अखेरीस घर शाकारायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा आणि सुकी मासळी, पापड, कोकमे डब्यांत भरून ठेवायची, असा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम आहे. नेहमीच्या पावसासाठी तो योग्यच आहे, पण वादळाच्या दृष्टीने त्याला उशीर होतो. तौक्ते चक्रीवादळ 16 मे 2021 रोजी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, तर निसर्ग 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले. 2025 मध्ये तर मोसमी पाऊसच 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला. म्हणून छप्पर, झाडे आणि होडी यांची कामे 10 मेपर्यंत आणि धान्य, औषधे, पाणी यांची बेगमी 15 मेपर्यंत पूर्ण करावी, असा माझा आग्रह आहे.

या आग्रहामागचे कारण निसर्ग वादळाच्या वेळापत्रकातच दिसते. 2 जूनला दुपारी त्या प्रणालीला चक्रीवादळाचा दर्जा मिळाला आणि 3 जूनला दुपारी ते किनाऱ्यावर होते. किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या समुद्रात वादळ तयार झाले की हाती एवढाच वेळ उरतो. त्या एका दिवसात मुलेबाळे सुरक्षित ठिकाणी नेता येतात, पण गंजलेले बोल्ट बदलून होत नाहीत आणि माडावर चढायला माणूसही मिळत नाही.

छपरापासून सुरुवात करावी, कारण वादळात घराचे सर्वांत मोठे नुकसान तिथूनच सुरू होते. जोराचा वारा छपरावरून जाताना त्याला वर खेचतो आणि खालून पडवीत शिरलेला वारा त्याला वर ढकलतो. ही ओढ कडा, कोपरे आणि आढे (छपराचा माथा) येथे सर्वाधिक असते. त्यामुळे पत्र्याच्या घरात या तिन्ही ठिकाणचे जे-बोल्ट (पत्रा धरून ठेवणारे आकड्याच्या आकाराचे बोल्ट) एकेक करून हाताने तपासावेत, गंजलेले बदलावेत, वॉशर नवे घालावेत आणि कडेच्या ओळींत बोल्ट मधल्या भागापेक्षा दाट बसवावेत. पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच पुढे आलेला भाग असेल, तर पडवी उचलली जाताना ती मुख्य छपरालाही सोबत नेते. नव्याने बांधताना पडवीचे छप्पर वेगळे आणि थोडे खालच्या पातळीवर घ्यावे. कौलारू घरात आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौले) चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के बसवावेत आणि पागोळ्यांकडच्या दोन-तीन ओळींतील कौले गंजरोधक तारेने रिपांना बांधावीत. वाशांना कुठे वाळवी लागली आहे का, हेही शाकारतानाच पाहावे, कारण कुजलेल्या वाशावर ठोकलेली नवी रीप काही उपयोगाची नसते.

पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड किंवा टायर ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. सुटा दगड हलक्या वाऱ्यात चालतो. वादळात मात्र तोच घरंगळून किंवा उडून माणसाच्या अंगावर येऊ शकतो. त्यापेक्षा मासेमारीचे जुने, जाड दोराचे जाळे छपरावर पसरावे आणि त्याची टोके दोन्ही बाजूंना जमिनीत खोल रोवलेल्या खुंट्यांना आवळून बांधावीत. एक मोठी ताडपत्री, तार, खिळे आणि काही जादा कौले घरात आधीच असावीत, कारण वादळानंतर सगळा तालुका एकाच वेळी दुकानात धावतो.

झाडांच्या बाबतीत आपल्याकडे हात आखडतो, आणि ते समजण्यासारखे आहे. सुपारीचे झाड उत्पन्न देऊ लागायला कित्येक वर्षे जातात. परंतु येथे चांगले झाड तोडण्याचा प्रश्न नाही. माडावरचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवाव्यात, छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटाव्यात आणि पोकळ किंवा कललेले झाड वेळीच काढावे. वीजवाहिनीला टेकलेल्या फांदीला स्वतः हात न लावता महावितरणकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी असतात. ही कामे त्यांच्या हातांनी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच उरकावीत. जे घर पुढे बंद राहणार, त्याची किल्ली शेजारी द्यावी, मेन स्विच बंद करावा आणि अंगणात एकही सुटी वस्तू राहू देऊ नये.

इशारा नेमका काय सांगतो, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावे. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे पडतो तो जोरदार पाऊस, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. पिवळ्या इशाऱ्याला लक्ष ठेवावे, नारिंगीला सर्व तयारी पूर्ण करावी आणि लाल इशाऱ्याला प्रशासन सांगेल तिथे विनाविलंब हलावे. चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण 48 तास आणि ठाम इशारा 24 तास आधी देण्याची पद्धत आहे. बंदरावरच्या बावट्यांत 1 आणि 2 क्रमांक दूर समुद्रातील स्थितीबद्दल असतात; 3 क्रमांकापासून धोका आपल्या बंदराला असतो आणि 8 ते 10 हे महासंकटाचे बावटे आहेत. फोनवर आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ आणि विजांसाठी ‘दामिनी’ ही ॲप घ्यावीत. मात्र वादळात मोबाइलचे मनोरेच बंद पडू शकतात, म्हणून सेलवर चालणारा रेडिओ आणि पाठ केलेले क्रमांक यांचा आधार हवाच: जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, आपत्कालीन मदत 112, समुद्रात तटरक्षक दल 1554.

वादळ आपल्या गावावर येणार नाही, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. तौक्ते महाराष्ट्रात जमिनीवर आलेच नाही, ते सौराष्ट्रात गेले. तरीही कोकणातील घरे आणि आंबाबागा त्याने झोडपल्या आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा कामगारांचा तराफा बुडून 70 हून अधिक माणसे गेली. होडीवाल्यांनी इशारा मिळताच परतावे, होडी शक्यतो खाडीच्या आत घ्यावी आणि दोन होड्यांत पुरेसे अंतर ठेवावे. पाणी चढेल तेव्हा होडी वर उचलली जाईल इतकी ढील दोरांना द्यावी. ताठ बांधलेली होडी उधाणात नाकावर बुडते. होडी सांभाळायला म्हणून कोणालाही तिच्यावर रात्री ठेवू नये. इंजिन, जाळी आणि वायरलेस संच काढून घरी आणता येतात.

खाडीकाठच्या वस्तीने पावसाच्या आकड्यासोबत तिथीही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण मोठे असते. त्या वेळी डोंगरातून आलेल्या पुराच्या पाण्याला समुद्र वाट देत नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवले, तेव्हा गुरुपौर्णिमा तोंडावर होती. अशा दिवशी धान्य, गॅस आणि गुरे संध्याकाळीच उंचावर न्यावीत. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी जमिनीला पडलेली नवी भेग, कललेले खांब किंवा झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी दिसताच पाऊस थांबण्याची वाट न पाहता घर सोडावे.

सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि होडीची नोंदणी जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवावी. तारीख दिसेल अशा रीतीने घराचे, बागेचे आणि होडीचे फोटो मे महिन्यातच काढून शहरातल्या नातेवाइकाला पाठवावेत. निसर्गनंतर अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. म्हणून रॉकेल किंवा सौर कंदील, रोजच्या औषधांचा महिनाभराचा साठा आणि माणशी रोज चार लिटर या हिशेबाने आठवड्याचे पिण्याचे पाणी भरून ठेवावे.

प्रत्यक्ष वादळात गॅसचा रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद करून स्लॅबच्या खोलीत बसावे. स्लॅब नसेल तर आदल्या दिवशीच शाळेत जावे. वारा एकाएकी पडला तर बाहेर येऊ नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि तो सरकताच वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

नंतर पडलेली तार जिवंत आहे असेच धरून चालावे. पंचनाम्याआधी शक्यतो मोडतोड उचलू नये. उचलावीच लागली तर आधी फोटो काढावेत आणि तलाठ्यांकडे लेखी नोंद करावी. साचलेल्या पाण्यात काम करताना गमबूट घालावेत, आणि अशा कामानंतर ताप आल्यास अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, कारण तो लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी. मग दर हजार लिटरला 2.5 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर घ्यावी. दोन मीटर व्यासाच्या आणि तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीला ती सुमारे 24 ग्रॅम लागते. पावडर थेट विहिरीत न टाकता बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे पाणी तेवढे विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळावे आणि निदान तासभर ते पाणी काढू नये. त्यानंतरही पिण्याचे पाणी काही दिवस उकळूनच घ्यावे.