शाळेच्या आवारातल्या झाडांची मोजणी मुलांकडून कशी करून घ्यावी

दिवाळीची सुट्टी संपली की लगेच कामाला लागा. मार्चपर्यंत थांबलात तर नागपुरातले सागवान उघडेबोडके होतात, मग मुलं झाड ओळखणार कशावरून? आवाराचा हातानं काढलेला नकाशा घ्या, फाटकापासून निघा आणि झाडांवर गेरूनं क्रमांक टाका. खिळा ठोकून पत्र्याचा बिल्ला लावायचा नाही, कुणी कितीही सांगो.

आता घेर. सगळं बिघडतं ते इथेच. ‘छातीच्या उंचीवर मोजा’ एवढं सांगून मोकळे होतात. पण कुणाच्या छातीच्या? पहिल्या वर्षी मीही तेवढंच सांगितलं होतं. सातवीच्या मुलांनी मोजलेला कडुनिंब पुढच्या वर्षी नववीच्या मुलांनी मोजला, तर घेर ८४ सेंटीमीटरवरून ७९ वर आलेला! झाड चांगलं जोमात होतं. नववीची मुलं उंच, त्यांनी वर मोजलं आणि वर बुंधा निमुळता. वर्षभराची वही वाया गेली, मुलं हिरमुसली ती वेगळीच.

म्हणून आधी १.३७ मीटरची काठी कापा. वनखात्याचं मापही याच उंचीवरचं. काठी बुंध्याला टेकवा, जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूनं, आणि टोकाशी खडूनं खूण करा. एकानं टेप धरायचा, दुसऱ्यानं मागे जाऊन बघायचं, कारण मागच्या बाजूला टेप हमखास खाली घसरतो. नेमकी तिथेच गाठ असेल तर गाठीच्या वर मोजा आणि ती उंची लिहून ठेवा. खूण करायच्या जागेखालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगवेगळी मोजा. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, जुन्या पिंपळाला पुरत नाही. तिथे सुतळी नको, ती ताणली जाते. लांब टेप आणाच.

मग निगा. क्रमांकासमोर मुलांनी एकेक काम लिहायचं: बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक काढणं, आवळलेली तार सोडवणं, सुबाभळीची रोपं लहान असतानाच उपटणं. पालापाचोळा जाळायचा नाही, आळ्यात पसरायचा. मोठी फांदी तोडायची असेल तर आधी महापालिकेची परवानगी.

शेवटचं पान उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद. जवळ राहणाऱ्या मुलांची नावं, त्यांचे वार, नळाची चावी कोणत्या काकांकडे, हे सगळं मार्चमध्येच लिहून घ्या. नुसतं ‘रोपांना पाणी घालणे’ असं लिहून आणलं तर मी सही करत नाही.