नाटक कसं बघावं आणि कुणाला सुचवावं

‘चांगलं आहे, बघ एकदा.’ नाटक बघून आलेला माणूस एवढंच सांगतो आणि ऐकणारा ‘हो, बघू’ म्हणून विसरून जातो. मुंबई-पुण्यात हे चालून जातं, कारण तेच नाटक पुढच्या रविवारी दुसऱ्या नाट्यगृहात लागलेलं असतं. नाशिकचं तसं नाही. व्यावसायिक नाटक शनिवारी किंवा रविवारी शालिमारच्या कालिदास कलामंदिरात येतं, एक प्रयोग करतं आणि रात्रीच नेपथ्याचा टेम्पो परतीच्या रस्त्याला लागतो. पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून इथे शिफारस करायची तर ती नेमकी हवी आणि ज्याला करायची त्याच्या मापाची हवी. त्याची तयारी तिकीट काढण्यापासूनच करावी लागते.

१. जाहिरात खालून वर वाचा

वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात असो की कालिदासबाहेरचा फलक, सगळ्यात मोठा असतो तो मालिकेतला ओळखीचा चेहरा. तो बघून तिकीट काढायला हरकत नाही, पण त्याच्या खाली बारीक अक्षरातली नावं आधी वाचा: लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत. ज्या लेखकाचं मागचं नाटक आवडलं होतं त्याचं नवं नाटक बघायला जाणं हा चेहऱ्यावर लावलेल्या पैजेपेक्षा कितीतरी भरवशाचा सौदा आहे.

प्रयोगाचा आकडाही वाचा. पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांत नाटक अजून बसत असतं, लांबलेले प्रसंग कापले जात असतात. दोनशेच्या पुढे गेलेलं नाटक मुरलेलं असतं. कधी कधी थकलेलंही. शिवाय मधल्या काळात कलाकार बदललेले असू शकतात, तेव्हा दोन वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली तारीफ आजच्या संचाला लागू पडेलच असं नाही.

तिकीट खिडकीवर मिळतं, बुक माय शो किंवा तिकिटालयसारख्या ॲपवरही मिळतं. गाजलेल्या नाटकाचा प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडते त्यावर मात्र लक्ष ठेवा.

२. मुंबईहून येणाऱ्या नाटकांपुरतं थांबू नका

नाशिकमध्ये राहून फक्त बाहेरून येणारी नाटकं बघणं म्हणजे निम्मंच नाटक बघणं. हे शहर वि. वा. शिरवाडकरांचं आणि वसंत कानेटकरांचं. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं, कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली. दोघांचाही संसार आणि लेखन इथलंच. पण स्मारकात फोटो लावून हा विषय संपत नाही. ‘देवबाभळी’ लिहून दिग्दर्शित करणारे प्राजक्त देशमुख नाशिकचे. पाणीटंचाईवरचं ‘हंडाभर चांदण्या’ करणारी दत्ता पाटील आणि सचिन शिंदे ही लेखक-दिग्दर्शकाची जोडीही इथलीच. यातलं बरंचसं काम आधी स्पर्धेत, छोट्या सभागृहात, ओळखीपाळखीच्या प्रेक्षकांपुढे उभं राहिलं आणि मग बाहेर गेलं.

तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीकडे लक्ष असू द्या. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा १९५४ पासूनची, आणि नाशिक हे तिचं एक केंद्र. साधारण हिवाळ्याच्या तोंडावर रोज एक नाटक लागतं, तिकीट नाममात्र असतं आणि बऱ्याचदा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक या दोन ठिकाणी काय चाललंय याची अधूनमधून चौकशी करत राहिलात तरी पुरे. स्पर्धेतली सगळीच नाटकं चांगली नसतात. काही अगदी कंटाळवाणी असतात, आणि तीही बघावीत. चांगलं नाटक कशामुळे चांगलं असतं ते फसलेल्या नाटकात लवकर कळतं.

३. खुर्ची

पहिली रांग प्रतिष्ठेची असेल, पण नाटकासाठी वाईट. मान वर करून बसावं लागतं आणि समोरचं एकच पात्र दिसतं. चौथी-पाचवी ते दहावी रांग, मधला भाग: चेहरे दिसतात आणि पूर्ण रंगमंचही. अगदी कडेची खुर्ची मिळाली तर एका बाजूची विंग उघडी पडते आणि एन्ट्रीच्या आधी पदर सारखा करणारी नटी दिसते, गंमत तेवढीच. गाण्या-नाचाचं, समूहाच्या हालचालींचं नाटक बाल्कनीतून छान दिसतं आणि स्वस्तही पडतं.

शालिमारला संध्याकाळी गाडी लावणं हा स्वतंत्र प्रयोग आहे. रिक्षाने या. तिसरी घंटा झाल्यावर मोबाइलच्या उजेडात खुर्ची शोधणाऱ्यांमुळे पहिला प्रवेश बुडतो, आणि नाटकाची किल्ली बहुतेक वेळा त्याच प्रवेशात असते.

४. बघताना कुठे बघायचं

पडदा उघडला की पहिला अर्धा मिनिट माणसांकडे नव्हे, घराकडे बघा. दारं किती, खिडकी कुठे, भिंतीवर काय, काय नाही. मग नाटकभर लक्षात ठेवा की यातलं काय वापरलं गेलं. कोपऱ्यातला झोपाळा दोन अंकांत एकदाही हलला नाही, तर तो शोभेचा. ज्या दारातून मुलगा रागाने गेला त्याच दाराकडे बाप दुसऱ्या अंकात पाठ करून बसला, तर कुणीतरी विचार करून नाटक बसवलंय.

दुसरं, जो बोलतोय त्याच्याकडे सगळं सभागृह बघत असतंच. तुम्ही ऐकणाऱ्याकडे बघा. समजा, आई मेथी निवडत बसलीय आणि मुलगा घर विकण्याचा विषय काढतोय. वाक्यं सगळी मुलाची. आईची पानं ताटात पडताहेत, देठ खाली पसरलेल्या पेपरवर. मुलगा ‘बिल्डर’ म्हणतो आणि एक देठ ताटात पडतो. ती तो उचलून पेपरवर ठेवते, पुढची काडी घेते आणि विचारते, ‘चहा टाकू?’ संहितेत इथे फक्त ‘चहा टाकू?’ एवढंच लिहिलेलं असेल. बाकीचं नटीचं आणि दिग्दर्शकाचं. हा प्रसंग तुमच्या नजरेतून सुटला नाही, तर घरी जाऊन सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे.

हशांचं थोडं निराळं. हशा कशावर आला ते बघत जा. पात्राच्या स्वभावातून आला, प्रसंगाच्या गुंत्यातून आला, की नुसत्या कोटीवर आला? दौऱ्यावरच्या नाटकात नाशिकच्या मिसळीवर किंवा रस्त्यातल्या खड्ड्यांवर एक वाक्य घुसडलं की हमखास टाळी पडते. पुढच्या शनिवारी त्याच जागी नागपूर किंवा कोल्हापूर येतं. टाळी वाजवा, पण ती नाटकाच्या खात्यावर जमा करू नका.

प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत जाणवलं नाही म्हणजे ते नव्हतंच असं समजू नका. दिवाणखान्यात संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही आणि तरी पोटात कालवाकालव झाली, तर ते प्रकाशाचं काम. उलट प्रत्येक दुःखद वाक्याखाली व्हायोलिन वाजत असेल, तर दिग्दर्शकाचा त्या वाक्यावर फारसा विश्वास नाही.

५. मध्यंतरात निकाल देऊ नका

वडा घ्या, चहा घ्या आणि एवढाच विचार करा की पडदा नेमका कुठे पडला. चांगला लेखक अशा जागी थांबवतो की पुढे काय होणार यापेक्षा हे लोक आता एकमेकांना तोंड कसं दाखवणार असा प्रश्न पडावा. विनोदी नाटकात पहिला अंक धावतो आणि दुसरा बसतो; ही मराठी फार्सची जुनी खोड आहे. गंभीर नाटकाचं बऱ्याचदा उलट होतं, पहिला अंक संथ वाटतो आणि मग त्या संथपणाचं कारण कळतं.

६. त्याच रात्री चार ओळी

घरी पोचल्यावर फोनमध्ये किंवा डायरीत लिहा: गोष्ट एका वाक्यात, शेवट न सांगता. मनात राहिलेला एक प्रसंग. कुठे घड्याळ बघावंसं वाटलं. आणि बघताना कोण आठवलं. ही शेवटची ओळ सगळ्यात उपयोगाची. एखादा प्रसंग बघताना ‘हे वहिनीने बघायला हवं’ असं वाटून गेलेलं असतं, सकाळपर्यंत ते पुसलं जातं.

लिहिताना संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय वेगळे काढायचा प्रयत्न करा. तगडा नट कमकुवत संहिता अशी ओढून नेतो की नाटक उत्तम होतं असंच वाटतं. पात्राची वाक्यं मनातल्या मनात साध्या आवाजात म्हणून बघा, काय उरतं ते कळेल. आणखी एक गफलत फार चालते: विषय महत्त्वाचा म्हणून नाटक चांगलं. शेतकऱ्यांवर, वृद्धांवर, बायकांवर आहे म्हणून नाटकाला दहा गुण आधीच द्यायचे कारण नाही. विषय चांगला असूनही नाटक भाषण झालेलं असू शकतं.

प्रयोगानंतर आत जाऊन कलाकारांना भेटता येतं, ही मराठी नाटकाची फार छान पद्धत आहे. सेल्फीसाठीची रांग ओसरू द्या आणि एकच साधा प्रश्न विचारा. ‘तो देठ तुम्ही रोज चुकीच्या जागी टाकता का?’ अशा प्रश्नाला दमलेला कलाकारही मनापासून उत्तर देतो.

७. सुचवायचं कसं

‘अप्रतिम! चुकवू नये असं काही! नक्की बघा!!’ हा मेसेज चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलात तर एकही जाणार नाही. त्याऐवजी एकाच माणसाला असं लिहा:

‘मावशी, आज एक नाटक बघितलं. दोन बहिणी आणि आईच्या मागे उरलेलं घर. रडारड नाही, भांडणं अगदी आपल्याकडच्यासारखी. मोठी बहीण कपाट आवरते तो प्रसंग बघताना तू आठवलीस. दुसरा अंक थोडा लांबलाय. एक हॉस्पिटलचा प्रसंग आहे, तो आधीच सांगून ठेवते. मध्यंतर धरून अडीच तास. खालचं मधल्या वाटेजवळचं तिकीट घे, पाय मोकळे करता येतील.’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी मावशी तिकीट काढेल. कारण नाटक काय आहे, तिच्याशी त्याचा काय संबंध आणि तिला काय सोसावं लागेल, हे तिन्ही तिला कळलं. उणीव मोकळेपणाने सांगितली की बाकीच्यावर विश्वास बसतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर नाटकात मृत्यू आहे हे सांगायलाच हवं. मुलांना नेणार असतील तर शिव्या आहेत का, ऐकायला कमी येत असेल तर संवाद स्पष्ट पोचतात का, हे सांगा. ‘दर्जेदार’ या शब्दापेक्षा याचा उपयोग जास्त.

गोष्ट किती फोडायची? जी पहिल्या प्रवेशांत उघड होते किंवा नाटकाबद्दल सगळीकडे छापून आलेली असते, तेवढी. ‘देवबाभळी’चंच घ्या. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि मग तिची सेवा करायला खुद्द रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी येते. एवढं सांगितल्याने काही बिघडत नाही, उलट उत्सुकता वाढते. त्या दोघींचं एकमेकींशी काय बोलणं होतं ते मात्र सांगू नका. ‘गाणी आहेत’ एवढ्यावर थांबू नका. दोघी ती रंगमंचावर स्वतः गातात हे सांगा, कारण संगीत नाटक म्हटलं की पल्लेदार तानांच्या धास्तीने मागे सरणारे बरेच आहेत.

रहस्यनाटकाचा शेवट सांगू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘शेवटी असा धक्का आहे ना!’ हेही सांगू नये. मग माणूस नाटक सोडून धक्क्याचीच वाट बघत बसतो.

नाशिकमधला प्रयोग तर होऊन गेला, मग सुचवून उपयोग काय? त्याच रात्री ठाण्याच्या, पुण्याच्या माणसाला कळवा, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात प्रयोग असेल. आणि त्यालाही सांगून ठेवा, तिकडे काही चांगलं बघितलंस तर नाशिकला येण्याआधी मला सांग. इथली शिफारस बहुतेक अशीच उलट्या दिशेने चालते. स्थानिक संस्थेचं नाटक असेल तर पुढचा प्रयोग कधी, कुठे, हे त्यांनाच विचारून घ्या आणि मेसेजमध्ये तारीख टाका.

८. आपल्या माणसांचं नाटक

शेजारच्या मुलाने स्पर्धेत काम केलंय, नाटक जमलेलं नाही आणि तो तोंडाकडे बघतोय. ‘छान झालं’ म्हणून सुटका करून घेण्यापेक्षा जे खरंच आवडलं ते एक नेमकं सांगा, आणि एक प्रश्न विचारा. पण दुसऱ्यांना ते नाटक ‘आपल्या नाशिकचं आहे’ एवढ्यावर सुचवू नका. अशाने पुढच्या वेळी खरोखर चांगलं स्थानिक नाटक आलं तरी लोक तुमचं ऐकणार नाहीत. आणि फुकटचा पास मागू नका. हौशी संस्थेला हॉलचं भाडं, नेपथ्य, प्रवास असं सगळं खिशातून भरावं लागतं.

९. तिकिटापर्यंत पोचवा

‘बघायचं होतं, राहून गेलं’ याचं कारण बहुतेक वेळा इच्छेचा अभाव हे नसतंच. ज्येष्ठांना ॲपवर खुर्ची निवडणं जमत नाही, एकट्याने रात्री परतायचं म्हटलं की धीर होत नाही. सुचवलेलं नाटक पुन्हा नाशिकला लागलं की आठवणीने फोन करा, दोन तिकिटं तुम्हीच काढून ठेवा आणि प्रयोग सुटल्यावर रिक्षा कुठून मिळेल ते सांगा. तिकिटाचे पैसे मात्र घ्या. पैसे मोजले की माणूस ऐनवेळी ‘आज जरा कंटाळा आलाय’ म्हणत नाही.