कर्नल मॉड्यूल एकाच वेळी लोड होताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत लिनक्सवरचे चाचणी-संगणक सांभाळणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल: यंत्राला एकाच जातीची अनेक कार्डे जोडलेली असतात, बूट होताना त्या सर्वांसाठी एकाच ड्रायव्हरची, म्हणजे गरजेनुसार कर्नलला जोडल्या जाणाऱ्या एकाच मॉड्यूलची, मागणी एकदम येते आणि अधूनमधून एखाद्या कार्डावरचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अशा वेळी पहिला संशय कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एका वेळी मॉड्यूलच्या ५० मागण्या या मर्यादेवर घेतला जातो आणि तिथेच तपास भरकटतो.

ही मर्यादा फक्त कर्नलने स्वतः केलेल्या मागण्यांना लागू आहे. कर्नलमधील कोड ‘रिक्वेस्ट_मॉड्यूल’ हे फंक्शन वापरतो, तेव्हा कर्नल युजरस्पेसमध्ये, म्हणजे सामान्य प्रोग्रॅम चालतात त्या भागात, मॉडप्रोब ही मॉड्यूल लोड करणारी आज्ञा चालवतो. असे ५० मॉडप्रोब आधीच चालू असतील तर पुढची मागणी ५ सेकंद थांबते आणि तरीही जागा झाली नाही तर ती नाकारून ‘केमॉड बिझी’ अशा अर्थाचा इशारा लॉगमध्ये नोंदवला जातो. बूट होताना जोडलेली उपकरणे ओळखून त्यांचे ड्रायव्हर मागवणारा यूडेव्ह हा प्रोग्रॅम मात्र या वाटेने जात नाही, तो मॉड्यूलची फाइल स्वतः उघडून थेट सिस्टीम कॉल करतो, म्हणजे कर्नलला ती लोड करायला सांगतो. त्यामुळे लॉगमध्ये तो इशारा नसताना मर्यादा वाढवण्यासाठी कर्नल पुन्हा कंपाइल करणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

यूडेव्हच्या वाटेवरची अडचण निराळी आहे. एकाच मॉड्यूलच्या अनेक प्रती एकाच वेळी मेमरीत आणल्या जातात, त्यांतली एकच टिकते. शेकडो सीपीयूंच्या यंत्रांवर हा अपव्यय जाचक ठरला, म्हणून २०२३ मध्ये कर्नलच्या ६.५ या आवृत्तीत एकाच फाइलच्या समांतर मागण्या एकत्र करण्याची सोय आली. कर्नल त्याआधीचा असेल, तर अपग्रेडचा विचार आधी करावा.

सर्वांत महागात पडते ती ‘लोड झाले म्हणजे तयार झाले’ ही समजूत. लोड झालेली मॉड्यूल दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’ या आज्ञेच्या यादीत अजून इनिशियलायझेशन (सुरुवातीची तयारी) चालू असलेले मॉड्यूलही दिसते, खरी स्थिती सिसएफएस या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइल-व्यवस्थेतील त्या मॉड्यूलच्या ‘इनिटस्टेट’ फाइलमध्ये कळते. तिथे ‘लाइव्ह’ (तयार) दिसले, तरी यूडेव्हचे काम उरलेले असू शकते, म्हणून स्क्रिप्टमध्ये अंदाजाने ‘स्लीप’ (ठरावीक सेकंद थांबणे) घालण्याऐवजी यूडेव्हचे काम संपेपर्यंत थांबणारे ‘यूडेव्हॲडम सेटल’ वापरावे आणि त्यानंतर डिव्हाइस फाइल खरोखर आहे का हे तपासावे. कर्नलमधील कोडलाही हाच नियम लागू आहे: ‘रिक्वेस्ट_मॉड्यूल’ने शून्य (म्हणजे यश) परत दिले, तरी हवी ती सेवा उपलब्ध झाली आहे याची खात्री मागणाऱ्यानेच करायची असते.

आधी ‘एलएसमॉड’ची यादी पाहायची आणि मॉड्यूल त्यात नसेल तर ‘इन्समॉड’ या आज्ञेने ते लोड करायचे, ही पद्धतही सोडून द्यावी. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रक्रिया तेच मॉड्यूल लोड करू शकते, आणि मग ‘फाइल आधीच अस्तित्वात आहे’ या त्रुटीला अपयश समजून स्क्रिप्ट सुस्थितीतले यंत्र थांबवते. मॉडप्रोब त्या उत्तराला यशच मानतो.