दोन व्हाइटवॉटर कनू नदीवर पारखायच्या कशा?

‘ही कनू चपळ आहे’, ‘ती फार हट्टी आहे’ असं व्हाइटवॉटरमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या पाण्यात, ही वल्ह्याची होडी चालवणारे सहज बोलून जातात. त्यातलं निम्मं कनूबद्दल नसतंच. सॅडल (कनूतली बसायची जागा) कुठे बसवलंय, ते किती उंच आहे आणि त्यावर बसणाऱ्याचं वजन किती, याचे ते परिणाम असतात. म्हणून एकट्याने चालवायच्या दोन ओपन (वरून उघड्या) कनूंची तुलना करायची असेल, तर आधी बैठक सारखी करा आणि मगच पाण्यात उतरा. सारखी बैठक, सारखं पाणी आणि त्याच हालचाली, एवढं जमवल्यावर जो फरक उरेल तो कनूचा.

जागा निवडताना पाण्याची पातळी दिवसभर फारशी हलणार नाही अशी नदी घ्यावी. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातली नान्ताहाला यासाठी चांगली आहे. वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर ती चालते, साधारण १३ किलोमीटरचा टप्पा आहे आणि रॅपिड (खळाळत्या पाण्याचे टप्पे) दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे सोपे ते मध्यम, आहेत. अवघड उड्यांपेक्षा एड्या (खडकाआडचे उलट वाहणाऱ्या पाण्याचे भाग) जास्त, आणि आपल्याला हव्यात त्या एड्याच. पाणी मात्र धरणाच्या तळातून येतं, भर उन्हाळ्यातही हाडं गारठवणारं. वेटसूट नसेल तर तिसऱ्या फेरीनंतर तुम्ही कनूची नव्हे, थंडीची चाचणी घेत असता. आपल्याकडे कोलाडची कुंडलिकाही वीजघराच्या पाण्यावरच चालते. तिथे मुख्यतः राफ्ट आणि कयाक दिसतात, पण कनू न्यायची झाली तर सगळ्या फेऱ्या एकाच विसर्गात उरका, कारण पाणी उतरलं की नदीच बदलते.

पाण्यात उतरण्यापूर्वी

व्हाइटवॉटरच्या ओपन कनूत एकटा माणूस मधल्या सॅडलवर गुडघे टेकून बसतो. मांड्यांवर पट्टे, पायाच्या बोटांना टेकण, पुढे-मागे दोरीने जखडलेल्या हवेच्या पिशव्या आणि हातात एकाच पात्याचं वल्हं. सॅडलची उंची तळापासून बहुधा १८ ते २३ सेंटिमीटर असते. एका कनूत १८ आणि दुसरीत २३ असेल तर दुसरी ‘डगमगती’ वाटणारच. दोन्हींत उंची एक करा. मिनिसेल फोमचा तुकडा कापून टेपने चिकटवला तरी चाचणीपुरतं भागतं.

त्यानंतर ट्रिम, म्हणजे कनू पुढे झुकते की मागे. तळाच्या बरोबर मध्यावर टेपची आडवी रेघ मारा. संथ पाण्यात कनूत दोन-तीन लिटर पाणी ओता, नेहमीसारखे गुडघे टेकून बसा, थोडे पुढे वाकून वल्हं मारायच्या पवित्र्यात स्थिर राहा आणि ते पाणी कुठे साचतं ते सोबत्याला पाहू द्या. डबकं रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलं तर ट्रिम बरोबर. पुढे सरकलं तर सॅडल मागे घ्या, मागे सरकलं तर पुढे, एका वेळी दोन सेंटिमीटरच. नऊ फुटी कनूत एवढ्यानेही वागणूक पालटते. नाक जड असेल तर शेपूट घसरत फिरते आणि नाक लाटेत घुसतं. शेपूट जड असेल तर कनू सुटते छान, पण वाऱ्यावर आणि एडीच्या रेषेवर नाक भरकटतं.

वल्हं दोन्हींत एकच वापरा. कनूत बॅटरीवरचा पंप असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर कोरडेपणाची, म्हणजे आत किती पाणी येतं याची, सगळी तुलना फुकट जाते. आणि क्रम पहिली, दुसरी, पुन्हा पहिली असा ठेवा. नुसतं पहिली-दुसरी केलंत तर दुसरीला तुमचे दमलेले हात मिळतात.

कोणती कनू कोणत्या जातीची

ढोबळपणे तीन जाती धराव्यात. बारा फुटी, गोल कडांच्या: मॅड रिव्हरची आउटरेज, मोहॉकची प्रोब १२. अकरा फुटांच्या आसपासची, तीक्ष्ण कडांची: डॅगरची ओकोई, जिचं नाव टेनेसीतल्या नदीवरून आलं (१९९६च्या ऑलिंपिकची स्लॅलम शर्यत झाली तीच नदी). आणि नऊ फुटांच्या आसपासच्या, पॉलिथिलीनच्या साच्यातल्या: एस्किफची ल'एज, सिल्व्हरबर्चची कव्हर्ट ९.३, ब्लॅकफ्लायची ऑक्टेन.

कनूचा तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड म्हणजे चाइन. नाक आणि शेपटीकडे तळ किती वर उचललाय, तो रॉकर. विकणारा आधी लांबी सांगतो, पण कनू हाताला कशी लागेल ते जास्त ठरवते ती चाइन.

संथ पाण्यातली दहा मिनिटं

एक गुडघा दाबून कनू हळूहळू कलती करा, काठ पाण्यापासून चार बोटं उरेपर्यंत. गोल कडांची कनू सुरुवातीलाच हलते, पण पुढे सावकाश आणि सारख्या गतीने झुकते. सपाट तळाची, तीक्ष्ण कडांची आधी घट्ट बसते, मग अचानक एक पायरी उतरल्यासारखी कडेवर येते आणि तिथे पुन्हा थांबते. ही पायरी नेमकी कुठे आहे ते गुडघ्याला इथेच कळू द्या. रॅपिडमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

मग थांबलेल्या स्थितीतून वीस मीटर सरळ जा आणि किती वल्ह्यांनंतर दिशा सुधारावी लागली ते मोजा. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे जातं. बारा फुटी कनूत शेपटीकडच्या जे-स्ट्रोकने (वल्हं मारून शेवटी पातं बाहेर वळवण्याने) ते आवरता येतं. नऊ फुटीत प्रत्येक जे-स्ट्रोकला वेग मरतो. तिथे कनू किंचित वल्ह्याच्या बाजूला कलवून, त्याच बाजूच्या मोठ्या वर्तुळावर चालवायची: कड नाकाला आत ओढते, वल्हं बाहेर ढकलतं, आणि दोघांच्या ओढाताणीत कनू सरळ जाते. हे न जमणारा माणूस छोट्या कनूला ‘सरळ जातच नाही’ म्हणून नापास करतो.

वेगाचा हिशेब सोपा आहे. तळ पाण्यावर घसरू लागला नाही तर कनूचा कमाल वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. बारा फुटांना साधारण ८.६ किमी प्रतितास, नऊ फुटांना ७.४. रॉकरमुळे टेकलेली लांबी आणखी कमी भरते. छोटी कनू तीन-चार वल्ह्यांत तिच्या कमालीला पोहोचते आणि मग कितीही जोर लावा, नाकापुढे लाट उभी राहते. लांबट कनूला उठायला वेळ लागतो, पण मिळालेला वेग ती टिकवते.

एडीत शिरणं आणि बाहेर पडणं

खरी परीक्षा इथे. खडकाआडचं पाणी उलटं, प्रवाहाच्या विरुद्ध वाहतं आणि दोन पाण्यांमधली रेषा ओलांडताना कनूचं नाक एका पाण्यात, शेपूट दुसऱ्यात असते. नान्ताहालावर उतरल्यावर पहिलाच मोठा रॅपिड पॅटन्स रन. तिथे एड्या धरण्याची घाई नको, खालच्या सोप्या टप्प्यात एक ठळक रेषेची एडी निवडा आणि प्रत्येक कनूने चार वेळा करा: दोनदा वल्ह्याच्या बाजूला वळून, दोनदा उलट बाजूला.

रेषा सुमारे ४५ अंशांत, खडकाच्या जितकं जवळून जमेल तितकं जवळून आणि चालत्या वेगात कापा. नाक पलीकडे गेलं की वळणाच्या आतल्या बाजूचा गुडघा दाबा, पातं एडीच्या पाण्यात उभं रोवा आणि ते रोवलेलं असेपर्यंत कलती सोडू नका.

आउटरेज किंवा प्रोबमध्ये वळण रुंद पडतं. कल द्यायला क्षणभर उशीर झाला तरी कनू माफ करते, कारण गोल कडेखालून पाणी सरकून जातं. ओकोईत तसं नाही. योग्य कल असेल तर ती रुळावरून गेल्यासारखी कोरीव वळते आणि वेगासकट एडीत येते. पण कनू सपाट ठेवून रेषा ओलांडलीत, तर नव्या पाण्याच्या समोर आलेली बाहेरची तीक्ष्ण कड त्या पाण्यात रुतते, वर पाणी चढतं आणि ती कड खाली दाबली जाते. माणूस वळणाच्या बाहेरच्या बाजूला पालथा. कनू ‘अस्थिर’ नव्हती, कल उशिरा आला. अर्ध्या वळणात कलती सोडली तरी हाच प्रकार घडतो, आणि उलट बाजूच्या वळणात जास्त, कारण तिथे क्रॉस-बो ड्रॉसाठी (हात न बदलता वल्हं नाकावरून पलीकडे नेऊन ओढण्यासाठी) कमरेतून पिळताना वजन नकळत परत वल्ह्याच्या बाजूला जातं.

नऊ फुटीची अडचण निराळी. ती वळते झटकन, इतकी झटकन की आत शिरण्याआधीच तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून रेषेवरच अडकते आणि मग प्रवाह तिला अलगद खाली घेऊन जातो. उपाय: वळायची घाई कमी. शेवटचं पुढचं वल्हं रेषेच्या पलीकडे पडलं पाहिजे, वळण त्यानंतर.

फेरी, लाटा आणि आत आलेलं पाणी

आता फेरी: नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून नदी आडवी ओलांडा, कोन २० अंशांपासून सुरू करून वाढवत न्या. लांब कनू कोन धरून ठेवते, पण एकदा सुटला की परत आणणं कष्टाचं. छोटीचं नाक पटकन उडतं, पण एका वल्ह्यात परत येतं. कोणती बरी, हा प्रश्न नदी किती रुंद यावर आहे. रुंद, जोरकस पाण्यात लांबीला तोड नाही.

कोरडेपणा डोळ्यांनी ठरवू नका. तीच लाटांची रांग, त्याच रेषेने, तीन वेळा. प्रत्येक वेळी खाली थांबून आलेलं पाणी मापाच्या बादलीने उपसा आणि लिटर लिहून ठेवा. मग मुद्दाम ४० लिटर पाणी आत ठेवून एक एडी धरून पाहा. चाळीस किलो वजन, आणि कलाल तिकडे धावत येणारं. रुंद सपाट तळाच्या कनूत हे पाणी एकदम एका कडेला जातं. छोट्या कनूत पिशव्यांनी बहुतेक जागा भरलेली असते, म्हणून मुळात कमी पाणी मावतं. हाच तिचा मोठा फायदा, आणि चाचणीत तो सहसा निसटतो.

वजन आणि वापरलेली कनू

वजन बरंच जास्त असेल तर नऊ फुटी कनू एवढी खोल बसू शकते की कडा कायम पाण्याखाली राहतात. मग तिची चपळाई कागदावरच. अशांनी अकरा-बारा फुटीच बघावी. पहिलीच कनू घेणाऱ्याने तीक्ष्ण कडांची घेऊ नये असं पुष्कळ जण सांगतात. आमचं मत वेगळं आहे: आठवड्याला नदी मिळत असेल तर ओकोईसारखी कनू कल द्यायला लवकर शिकवते. वर्षातून चारदा जाणाऱ्याला मात्र गोल कडाच बऱ्या.

आउटरेज, प्रोब, ओकोई आता बहुधा वापरलेल्याच मिळतात. त्या रॉयलेक्सच्या (प्लॅस्टिकच्या थरांमध्ये फोम असलेल्या पत्र्याच्या) असतात आणि रॉयलेक्सचं उत्पादन २०१४च्या सुमारास थांबलं. घेताना नाक आणि शेपटीखाली हात फिरवा. वरचा थर झिजून आतला फोम दिसत असेल तर किंमत पाडून मागा, कारण तिथे केव्हलर फेल्ट किंवा एपॉक्सीचा लेप द्यावाच लागणार. मांडीपट्ट्यांच्या कड्या जिथे चिकटवल्या आहेत तिथे जोर लावून ओढून बघा. कोपरा उचलला जात असेल तर विनाइलचा डिंक सुटलाय. पॉलिथिलीनच्या कनूत तळाला कायमचा खोलगट पोचा पडलाय का ते उन्हात उलटी ठेवून तिरप्या नजरेने पाहा. असा पोचा सॅडलखाली असेल तर ट्रिमच्या चाचणीतलं डबकं तिथेच जाऊन बसेल आणि तुम्ही उगाच सॅडल सरकवत राहाल.