वळणावर बंद पडणारी शेव्हेल

१९७० च्या शेव्हेल या शेव्हरोलेच्या गाडीतलं कार्ब्युरेटरवालं ३५० घनइंची इंजिन काढून भंगारातल्या पिकअपचं ५.३ लिटरचं, इंजेक्टरवालं एलएस जातीचं नवं इंजिन बसवलं. वायरिंग, कॉम्प्युटर सगळं जमलं. पण टाकीत पाव भागच पेट्रोल उरलं की वळणावर गाडी आचके देऊन बंद! आधी सेन्सर बदलत बसलो, पैसे पाण्यात. शेवटी काचेवर पेट्रोलचा दाब दाखवणारं गेज चिकटवून फिरलो. वळताना ५८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) असलेला काटा धाडकन खाली! कार्ब्युरेटरला ६-७ पुरतात, शिवाय त्याच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, म्हणून क्षणभर हवा आली तरी खपून जातं. दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला नाही चालत. जुन्या टाकीत पेट्रोल एका बाजूला पळालं की मी बाहेर लावलेला पंप हवा ओढायचा. मग आतच पंप आणि भोवती आडभिंती असलेली टाकी बसवली, कॉर्व्हेट गाडीचा, दाब कायम राखणारा रेग्युलेटरवाला फिल्टर जोडला. काटा आता हलत नाही. स्पीडोमीटर मात्र अजून थापा मारतो.