शेवटच्या नळापासून सुरुवात करा: गावाच्या आराखड्यात आपलं काम कसं घालायचं

गावासाठी काही करायचं म्हटलं की मंडळं झाडू हातात घेतात, नाहीतर रोपं आणतात. दोन्ही चांगलंच आहे. पण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बचत गटांसोबत काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. गटांनी आणि मंडळांनी आधी मोजायला शिकावं आणि मोजलेलं योग्य दिवशी ग्रामसभेत मांडावं. पैसा पंचायतीकडे येतो, यंत्रणा सरकारकडे आहे. आपल्याकडे आहे ती रोज त्याच नळावर उभी राहणारी बाई. तिला जे ठाऊक असतं ते तालुक्याच्या तक्त्यात सापडत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली 2030 पर्यंतची 17 शाश्वत विकास ध्येयं ठरवली. त्यांतलं सहावं पाणी आणि स्वच्छतेचं. त्या कारभारात स्थानिक लोकांचा सहभाग वाढवा, असं त्यात स्वतंत्र लक्ष्यच आहे. हे सगळं न्यूयॉर्कात ठरलं, मग आपल्या गावाशी त्याचा संबंध काय? संबंध आराखड्याचा आहे. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने या 17 ध्येयांचे गावासाठी 9 विषय केले: जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, आरोग्यदायी गाव, स्वच्छ व हरित गाव, असे. ग्रामपंचायतीने त्यांतून संकल्प निवडायचा आणि 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात त्याची कामं धरायची. आपल्याला शिरायला दार आहे ते हेच.

सुरुवातीला एकच प्रश्न घ्या. रस्ता, गटार, शाळा, दारू सगळं एकदम घेतलंत तर ग्रामसभेत नुसता गलका होतो. मी पाणी घ्यायला सांगते, कारण पाण्यावर भाऊबंदकी बाजूला ठेवून बाया एकत्र येतात आणि पाणी मोजता येतं.

मोजायचं कसं ते नीट सांगते. पाण्याच्या टाकीत जंतू मारायला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतात. तिचा अंश पाण्यात उरला आहे की नाही, हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) तपासणीने कळतं. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, नाही आली तर नाही. ही तपासणी बहुतेक वेळा टाकीजवळच्या नळावर होते, आणि तिथे पाणी पिवळं होतंच. तुम्ही नळी घेऊन शेवटच्या गल्लीत जा, वस्तीच्या टोकाच्या नळावर. तिथे लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. आमच्या एका वस्तीत टोकाच्या नळाची नळी पांढरीच राहिली. मागे मागे येत तपासत गेलो, तेव्हा गटारीतून गेलेली जोडपाइपलाइन सापडली. पावडरीचं पोतंही बघा. तोंड उघडं ठेवलेलं, ओल लागलेलं पोतं असेल तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग कितीही टाकलं तरी उपयोग नाही.

दुसरी तपासणी जंतूंची. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या 5 बायांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण, हे पंचायतीत विचारा. संचातल्या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर जंतू आहेत असं धरायचं, आणि मग नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आग्रह धरायचा. थंडीत बाटली चुलीच्या भिंतीमागे ठेवा, नाहीतर निकाल फसतो. काळी बाटली ग्रामसभेत टेबलावर ठेवली की दहा भाषणांचं काम होतं.

मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे 15 लिटरचे अठरा हंडे. आपल्या गल्लीत किती येतात ते आठवडाभर मोजा. वहीत तारीख, नळ कुठला, पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं आणि किती हंडे भरले, एवढंच लिहा. अक्षर कसंही असू द्या, तारीख मात्र चुकवू नका. पंचायतीला पाण्याच्या स्रोताच्या पाहणीत हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालं आहे, तेही त्याच वहीत टिपून ठेवा.

आता वेळेचं बघू. मंडळं हमखास फसतात ती इथेच. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. त्याच सुमाराला, दिवाळी आटोपली की आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कोणी गुजरातकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्राकडे. पाड्यांवर घरं कुलूपबंद होतात आणि ज्यांचं पाणी सगळ्यांत वाईट तेच ग्रामसभेत नसतात. कुणालाही मागे ठेवायचं नाही, हा या ध्येयांचा मूळ शब्द आहे. म्हणून वही श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या रोटांच्या सणासुमारास उघडा. तेव्हा बाया घरी असतात, एकमेकींकडे जाणं-येणं असतं. पोळ्यापर्यंत पाड्यावरची मोजणी उरकून घ्या. "आमनं कोन ऐकस?" असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, तिच्या नळाचं पाणी तिच्याच हाताने तपासायला लावा. निघण्याआधी त्या कुटुंबांच्या सह्या, अंगठे घेऊन ठेवा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असं ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. वहीतले आकडे तिथे वाचा, ठराव तिथे करा आणि मग तो ग्रामसभेत न्या. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघायला हवी. गणपूर्ती आहे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. सभा तहकूब होऊन पुन्हा भरली तर गणपूर्तीची अट राहत नाही आणि चार माणसांत सगळं मंजूर होतं. त्या दिवशी तर नक्की हजर राहा.

ठराव मोघम नको. "पाणीपुरवठा सुधारावा" या वाक्यावर कुणी काही करत नाही. असं लिहा: "अमुक वस्तीतील टोकाच्या नळापर्यंतची गटारीतून गेलेली जोडपाइपलाइन बदलणे, हे काम जलसमृद्ध गाव या विषयाखाली पुढील वर्षाच्या आराखड्यात घेण्यात यावे. सोबत तपासणी अहवाल जोडला आहे." सूचक, अनुमोदक तुमच्यातलेच ठेवा. प्रोसिडिंग बुकात सह्या आधी आणि ठराव नंतर, असं चालू देऊ नका. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, नम्रपणे सांगा, "ठराव वाचून दाखवा, मग सह्या करतो." ग्रामपंचायत अधिकारी हा बऱ्याचदा दोन-दोन गावं सांभाळणारा दमलेला माणूस असतो. नीट लिहिलेला कागद हातात दिलात तर त्याचंही काम सोपं होतं.

निधीचंही विचारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. आयोग बदलला की अटी बदलतात, म्हणून चालू वर्षाच्या अटी लेखी मागा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात, तेही आठवणीत ठेवा. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. शिकल्या-सवरल्या पोराला मोबाइलवर तो उघडून दाखवायला सांगा. आपलं काम त्यात दिसलं नाही तर विचारणा लेखी करा. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकारात अर्ज करायला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवं. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, एवढ्याच दोन गोष्टी मागा. लांबलचक अर्जाला लांबलचक टाळाटाळ मिळते.

नंदुरबारच्या डोंगराळ भागात पाण्याऐवजी मुलांच्या कुपोषणापासून सुरुवात करायला हरकत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. अंगणवाडीताईंसोबत बसून पट्टी लावा, त्यांच्या पाठीमागे नको. 2007 साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. लोकांनी माहिती गोळा करायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायची, ही रीत तिथे जुनी आहे. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, लागू असलेल्या गावात तर ग्रामसभेचा अधिकार आणखी मोठा, आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते.

आपल्याला हे जमेल का, असं मला कुणी विचारलं की मी आमच्या पांझरा नदीवरच्या फडांचं, म्हणजे गावाने मिळून शेतीला पाणी देण्याच्या जुन्या पद्धतीचं, सांगते. बंधारा, पाट, चाऱ्या सगळं गावानं सांभाळायचं, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचं, एका फडात एकच पीक घ्यायचं आणि पाणी कमी पडलं तर तोटाही सगळ्यांनी वाटून घ्यायचा. शेकडो वर्षं ही पद्धत आपल्या लोकांनी चालवली. साक्री तालुक्यातल्याच बारीपाडा या आदिवासी गावाने गेल्या तीसेक वर्षांत चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखलं, ते गावानेच ठरवलेल्या आणि गावानेच पाळलेल्या नियमांवर. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जमलं तर मंडळातल्या चार जणांना घेऊन एकदा बारीपाड्याला जाऊन या, आणि तिथे गेल्यावर दंड कसा बसवतात आणि कोण वसूल करतं, ते मुद्दाम विचारा.

तुमचं काम मंजूर झालं की चर खोदायच्या दिवसापासून रोज एक जण तिथे हवा. पाइप किती इंची टाकला, किती खोल गाडला, गटारीपासून किती अंतर सोडलं, ते त्याच वहीत लिहा. ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायच्या आधी टोकाच्या नळावर पुन्हा ओटी घ्या, आणि पहिला पाऊस पडून पाणी गढूळ झालं की आणखी एकदा.