पावसाळ्यात आयसी ठेवताना आणि कुरिअरने पाठवताना

आयसी (चिप) स्थिर विजेने आणि ओलाव्याने खराब होतं, म्हणून आधी पिशव्या ओळखा. गुलाबी पॉलिथिन स्वतः घासून चार्ज तयार करत नाही, एवढंच. बाहेरचा स्थिर विजेचा झटका ते अडवत नाही. मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), मायक्रोकंट्रोलर, सेन्सर यांना आरपार अंधुक दिसणारी चंदेरी शिल्डिंग पिशवी हवी. तोंड दुमडून चिकटपट्टी लावा. स्टेपल मारलीत तर धातूचा थर फाटतो आणि शिल्डिंग गेलंच म्हणून समजा. थर्माकोल नि साधा बबल रॅप पिशवीच्या आत नको. बबल रॅप बाहेरून गुंडाळायला हरकत नाही.

मात्र ही पिशवी ओलावा रोखत नाही. त्यासाठी जाड, अपारदर्शक मॉइश्चर बॅरियर पिशवी वेगळी मिळते, आणि आपल्याकडचा खरा घोळ इथेच होतो. लेबलवर एमएसएल 3 (एमएसएल म्हणजे भाग ओलाव्याला किती नाजूक आहे त्याची पातळी) असेल तर पाकीट फोडल्यापासून 168 तासांत सोल्डरिंग व्हायला हवं, तेही 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत मुंबईत किंवा कोकणात उघड्या खोलीत 60 टक्के कुठून आणणार? तेव्हा तो 168 तासांचा आकडा तसाच धरू नका. उरलेला माल सिलिका जेल आणि आर्द्रता कार्डासह (ठिपक्यांचा रंग बदलून आर्द्रता दाखवणारं कार्ड) लगेच सील करा. आयसीच्या प्लास्टिकने ओढलेलं पाणी रिफ्लोच्या (भट्टीत सोल्डर वितळवण्याच्या) 240-260 अंशांत वाफ होऊन आयसी आतून उकलतं. कार्डावर 5 टक्क्यांच्या ठिपक्यासोबत 10 चाही बदललेला दिसला, तर बेक केल्याशिवाय (गरम करून ओलावा काढल्याशिवाय) वापरू नका. बेकिंगचे 125 अंश फक्त उष्णता सोसणाऱ्या ट्रेमधल्या मालासाठी. रीलचं (भागांची पट्टी गुंडाळलेल्या चकतीचं) प्लास्टिक त्यात वाकतं. रील 40 अंशांवर, 5 टक्क्यांखालच्या कोरड्या हवेत कित्येक दिवस ठेवावी लागते.

हाताळताना मनगटी पट्टा अर्थला जोडा आणि त्यातला 1 मेगाओहमचा रेझिस्टर मल्टिमीटरने तपासा. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढे. नाजूक आयसी शंभर-दोनशे व्होल्टलाही दुखावतं, आणि टेस्टिंगला पास होऊन पुढे गिऱ्हाइकाकडे बंद पडतं.

आयसी ठेवायच्या प्लास्टिक ट्यूबमध्ये आयसी कमी असतील तर मोकळ्या जागेत अँटिस्टॅटिक फोमचा तुकडा सारा, नाहीतर वाटेत घरंगळून पाय वाकतात. सुटे भाग रबरबँडने बांधू नका, रबरातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो आणि सोल्डर धरत नाही. बॅटरी बसवलेला बोर्ड काळ्या कंडक्टिव्ह फोमवर ठेवला तर सेल हळूहळू उतरतो. सुटे सीआर2032 (नाण्यासारखे लिथियम सेल) एकावर एक रचू नका, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा द्या. आणि लिथियम सेल आहेत हे बुकिंगच्या वेळीच सांगा, कारण विमानाने जाणाऱ्या पार्सलला वेगळे नियम लागतात.